बाराव्या मजल्यावरची पाच झाडं

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. एका बँकेत मी कम्प्लायन्स बघते, म्हणजे लोकांच्या व्यवहारांत काही काळंबेरं आहे का ते हुडकते. सतरा वर्षं हेच केल्यावर घरी येऊन साधं माणूस होणं मला जमत नाही. विक्रांत, माझा नवरा, म्हणतो की मी फ्रीज उघडतानासुद्धा आत कोणी लपलंय का ते बघते. अशा मला माझ्याच दारातली झाडं दोन महिने दिसली नाहीत, याचा मला अजून राग येतो.

दाखवली ती गार्गीनं. माझी मुलगी, वय अकरा. शाळेत अमली पदार्थांवर काहीतरी कार्यक्रम झाला होता, त्याचं पत्रक ती घेऊन आली. त्यावर हिरवं पान आणि पानावर लाल फुली. कॉरिडॉरमध्ये बूट काढता काढता ती थबकली.

"मम्मी, आजोबांचं प्लान्ट हेच आहे."

"काहीतरीच काय!"

"सेम टू सेम लाह! काउंट कर ना. वन, टू, थ्री, फोर, फाइव्ह."

मी मोजलं. पाच बोटांचं पान, कडांना बारीक दाते. शेजारच्या पानाला सात बोटं होती. मी पत्रक तिच्या हातातून घेतलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये कोंबलं. "हे कुणाला म्हणालीस का?" असं मी विचारलं, आणि तो आवाज मी ऑफिसात वापरते तो होता. गार्गी नाही म्हणाली आणि आत पळाली.

आता बाबांबद्दल सांगते. दिलीप हे त्यांचं नाव, वय बहात्तर, वीज मंडळात तेहतीस वर्षं काढलेले. आई गेल्यावर साडेतीन वर्षं ते पुण्यात एकटे राहिले. गेल्या डिसेंबरात न्हाणीघरात घसरून पडले, तेव्हा मी जाऊन त्यांना अक्षरशः उचलून इकडे परदेशात, सेंगकांगच्या आमच्या घरी आणलं. त्यांना यायचं नव्हतं. बाराव्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये रोज सकाळी चाळीस फेऱ्या मारायचे आणि नाश्त्याला बसलं की म्हणायचे, "पुढच्या आठवड्याचं तिकीट बघ." मी आज बघते, उद्या बघते करत राहायचे. ते इथेच राहावेत, एवढंच मला हवं होतं. आईच्या वेळी मी नव्हते. या वेळी मला असायचं होतं.

मग जानेवारीत एक दिवस त्यांनी बॅगेतून कागदाची पुडी काढली. आत करडं, टोकदार बी. "अंबाडी," म्हणाले, "तुझ्या आईनं धरलेलं बी आहे. शेवटचं." दाराबाहेर कठड्याच्या आडोशाला पाच कुंड्या मांडल्या. एकेका कुंडीत दोन-तीन बिया टाकल्या, आणि त्या दिवसापासून तिकिटाचं नाव निघेना. उलट म्हणाले, "बी धरेपर्यंत थांबावं लागेल आता." मी मनातल्या मनात त्या कुंड्यांना नमस्कार केला होता.

तर आता त्याच कुंड्यांपुढे मी उकिडवी बसले. रोपं लहान होती तेव्हा पानं साधी होती, बदामाच्या आकाराची. कधी हा पंजा फुटला ते मला कळलंच नव्हतं. बाबांनी शेंडे खुडले होते, त्यामुळे प्रत्येक झाडाला आठ-दहा फांद्या फुटल्या होत्या. फांद्या आडव्या वाकवून पायजम्याच्या जुन्या नाड्यांनी कुंडीच्या काठाला बांधल्या होत्या. एकही पान कठड्याच्या वर येत नव्हतं. समोरच्या ब्लॉकमधून कुणी दुर्बीण लावली असती तरी काही दिसलं नसतं.

"बाबा, ही झाडं अशी का बांधलीत?"

बाबा दारात पेपर घेऊन बसले होते. "वर वाढली की नुसता दांडा होतो. आडवी केली की पसरतात, पाला भरपूर येतो. शिवाय शेजाऱ्यांचा उजेड कशाला अडवायचा?"

"ही नक्की अंबाडीच ना?"

"मग काय गुलाब?"

"आई भाजीला आणायची तिची पानं अशी नव्हती."

"ती बाजारातली, लाल देठाची. ही वेगळी."

"आईला बी कुठून मिळालं?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. "कुठून म्हणजे? तिच्याच डब्यात होतं."

"कुठल्या डब्यात?"

"औषधांच्या," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

आईचा आजार पोटाचा होता. शेवटचे तीन महिने तिला फार दुखायचं. २०२१ सालचा तो काळ. इकडून भारतात गेलं तर परत कधी येता येईल याची कुणी खात्री देईना, गार्गी लहान, विक्रांत आतासारखाच तेव्हाही दौऱ्यावर अडकलेला. मी गेले नाही. रोज फोन करायचे. एकदा नंदामावशीनं, आईच्या धाकट्या बहिणीनं, फोनवर सांगितलं होतं, "अगं, निशिकांतनं गावाकडून पाला आणून दिलाय. दुखणं सोसत नाही ना तिला. तो थोडा वाटून दिला की झोप लागते म्हणतात." निशिकांत माझा मामेभाऊ. कसला पाला ते मला लगेच कळलं होतं. मी मावशीवर खेकसले होते, "असलं काही मला फोनवर सांगू नकोस. मी कुठे राहते माहीत आहे ना तुला? इथे याला फाशी आहे." पुन्हा तो विषय निघाला नाही.

त्या पाल्याचं बी असलं तर? औषधाच्या डब्यात दुसरं काय असणार? बाबांना बियांमधलं काय कळतं? आयुष्यभर विजेच्या तारा ओढलेला माणूस!

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. विक्रांत महिनाभरासाठी जकार्ताला होता. त्याला फोन केला, पण तो शब्द फोनवर उच्चारायचं धाडस होईना. "बाबांची ती भाजी आहे ना, ती मला भाजी वाटत नाही," असं मी म्हणाले. तो म्हणाला, "मग आमटी कर." मी फोन ठेवला.

फोटो काढून फोनलाच विचारावं, असं मनात आलं. पण तो फोटो कुठे जातो, कुणाकडे साठतो, हे मला जरा जास्तच माहीत आहे. शेवटी सोमवारी ऑफिसला जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, कोपरा गाठून मी ते झाड लोक कसं वाढवतात ते वाचलं. कुठल्याशा दूरच्या देशात ते परसदारी लावायला परवानगी आहे, तिथल्या कुणीतरी अगदी प्रेमानं लिहिलं होतं. पाच-सहा पेरं आली की शेंडा खुडा. फांद्या हळूहळू वाकवून मऊ दोरीनं कुंडीच्या काठाला बांधा, म्हणजे सगळीकडे ऊन पोचेल. कुंपणापेक्षा उंच जाऊ देऊ नका, शेजाऱ्यांच्या नजरेत येतं. नराची झाडं ओळखून वेळीच उपटून टाका.

बाबांनी फेब्रुवारीत बारातली सात रोपं उपटली होती. "कामाची नव्हती," म्हणाले होते.

शेजारी उभी असलेली बाई माझ्या फोनकडे बघत होती, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मी एक स्टेशन आधी उतरले आणि पुढच्या गाडीची वाट बघत प्लॅटफॉर्मवर येरझाऱ्या घालत राहिले. आमची पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, याच वर्षी नव्यानं तपासली जाणार होती. माझी नोकरी अशी की नुसता ठपका आला तरी संपली. आणि बाबा? बहात्तर वर्षांच्या माणसाला पोलीस घेऊन गेले, तर तो काय सांगणार? बायकोनं बी धरलं होतं म्हणून?

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी टेक्क्याच्या बाजारात गेले. तिथे आंध्राकडची माणसं अंबाडी घेतात हे मला ठाऊक होतं. भाजीवाल्यानं जुडी समोर आपटली. देठ लाल, पान तीन बोटांचं, जाडसर. मी दोन जुड्या उलट्यासुलट्या करून बघितल्या. एकाही पानाला पाच बोटं नव्हती. "फ्रेश, फ्रेश," तो म्हणत राहिला. मी काहीच न घेता निघाले, तेव्हा त्यानं मागून जे काही म्हटलं ते तमिळमध्ये होतं, पण मला समजलं.

बुधवारी घरी आले तर बाबांनी स्वयंपाक केला होता. आई गेल्यावर ते शिकले होते, पण इथे आल्यापासून गॅसला हात लावला नव्हता. टेबलावर मोठ्या वाडग्यात भाजी होती. तांदळाच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची फोडणी, बाजूला भाकरी. बाबांनी चक्क स्वच्छ शर्ट घातला होता.

"पहिला तोडा," ते म्हणाले. "तिच्याच पद्धतीनं केलीय. बस."

गार्गी खुर्चीवर चढून हात पुढे करत होती. मी तिचा हात धरला. "गार्गीला पोटाचा त्रास आहे," मी म्हणाले.

"नो, आय डोन्ट..."

"आहे. आणि मला ॲसिडिटी झालीय, बाबा. उद्या खाऊ."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. स्वतःच्या ताटात वाढून घेतलं आणि एकटेच जेवले. सावकाश, शेवटच्या घासानं ताट पुसून. मी गार्गीला टोस्ट करून दिला आणि ओट्यापाशी उभी राहून त्यांच्यावर लक्ष ठेवलं. डोळे लाल होतात का? विनाकारण हसतात का? एक घास तोंडात टाकला असता तर सगळा निकाल लागला असता, हे मला कळत होतं. अंबाडी आंबट असते. पण ती अंबाडी नसली, तर तो एक घास माझ्या लघवीत सापडला असता. इथे तेवढंसुद्धा पुरतं. बाबा जेवून टीव्ही बघायला बसले आणि कुठल्याशा विनोदावर मोठ्यांदा हसले. नंतर ते स्वतःच म्हणाले, "दुपारी भाजीची चव बघून पडलो, तर मस्त झोप लागली. दोन तास." एरवी ते पाऊण तास झोपतात.

उरलेली भाजी मी ते फिरायला गेल्यावर फेकून दिली. वाडगा दोनदा घासला.

शुक्रवारी मी घरूनच काम करत होते. सकाळी साडेनऊला बाबा गार्गीला घेऊन पुंगोलच्या पाण्याकाठी फिरायला गेले. शाळेला सुट्टी होती. मी कॉफी घेऊन दाराशी आले आणि जाळीतून पाहिलं तर शेजारच्या मिसेस विन आमच्या कुंड्यांपुढे वाकून फोटो काढत होत्या.

मिसेस विन मूळच्या म्यानमारच्या. पन्नाशी उलटलेल्या, एका हॉस्पिटलात परिचारिका. चार वर्षांत आमचं बोलणं लिफ्टमधल्या गुड मॉर्निंगपलीकडे गेलं नव्हतं. त्यांनी एक फोटो काढला, पान उलटं करून दुसरा काढला, मग काहीतरी टाइप करत आत गेल्या. दार लागलं.

परिचारिका! तिला औषधी झाडं ओळखू येणार नाहीत तर कुणाला?

मी कॉफी तशीच ठेवली. भाजीची कात्री घेतली, काळ्या पिशव्या घेतल्या, हातमोजे घातले. पहिलं झाड उपटताना कुंडी आडवी झाली आणि माती चपलांवर सांडली. नाड्या सुटेनात तेव्हा कापल्या. फांद्या वीतभर लांबीच्या करून पिशवीत भरल्या. देठांना बारीक काटे होते, मोज्यातून टोचत होते. दुसरं, तिसरं, चौथं. एवढा पाला होता की पिशव्या फुगल्या. मी घामानं निथळत होते आणि लिफ्टचा प्रत्येक आवाज कान देऊन ऐकत होते.

पाचव्या झाडाची कठड्याकडची फांदी मी वाकून ओढली, आणि पानांच्या खाली मला फूल दिसलं.

मोठं, तळहाताएवढं, फिकट पिवळं. मध्ये गडद जांभळट लाल. जास्वंदीच्या घराण्यातलं, ते कुणालाही कळलं असतं. वाचलेल्या पानांवर असलं फूल कुठेच नव्हतं. लहानपणी आमच्या गच्चीत आई कुंडीपाशी असायची तेव्हा असलीच फुलं सकाळी उमललेली असायची आणि दुपारपर्यंत मिटायची. ते सगळं मला त्या एका क्षणात आठवलं, इतके दिवस का आठवलं नाही कोण जाणे. अंबाडी होती. पहिल्यापासून अंबाडीच होती.

मी तशीच बसून राहिले. चार झाडं पिशवीत, एक मातीत. ते एक राहू द्यायचं, एवढंच करायचं होतं. पण मग बाबा विचारतील, चार कुठे गेली? कुणी नेली म्हणावं तर एकच मागे का ठेवलं? खोटं अर्धवट असलं की पकडलं जातं, हे मी रोज ऑफिसात बघते. खरं सांगावं तर काय सांगणार होते? तुम्ही माझ्या दारात गांजा लावलाय असं मला वाटलं? आईच्या डब्यातला?

मी पाचवंही उपटलं. फुलासकट.

तीन पिशव्या लिफ्टशेजारच्या कचऱ्याच्या झडपेतून खाली सोडल्या. बारा मजले आपटत गेल्याचा आवाज आला. कुंड्यांत ब्लीच ओतलं, ते कशासाठी ते आता सांगता येणार नाही. मग हात धुतले आणि साडेअकराच्या मीटिंगला बसले.

बाबा आले ते दारातच थांबले. गार्गी ओरडली, "आजोबा, युअर प्लान्ट्स!"

"कुणीतरी तक्रार केली वाटतं," मी आतूनच म्हणाले. "माणसं आली आणि घेऊन गेली. मी मीटिंगमध्ये होते."

"कुणी तक्रार केली?"

"माहीत नाही." पण माझी नजर शेजारच्या दाराकडे गेली, आणि बाबांनी ती पाहिली.

बाबांनी एका कुंडीत बोट घातलं, वास घेतला. मग आत आले, हात धुतले, जेवले. जेवण झाल्यावर म्हणाले, "पुढच्या शनिवारचं तिकीट काढ." मी काही बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "तू काढतेस की गार्गीकडून शिकून मी काढू?"

मी काढलं. त्यानंतरचे दिवस ते सकाळच्या फेऱ्या मारायलाही बाहेर गेले नाहीत. मिसेस विन एकदा लिफ्टमध्ये भेटल्या, हसून "हॅलो अंकल" म्हणाल्या. बाबांनी तोंड फिरवलं. माझे बाबा असं कधीच कुणाशी वागले नव्हते. मी शेजारी उभी होते आणि लिफ्टचे आकडे बघत होते.

गुरुवारी संध्याकाळी मिसेस विननी बेल वाजवली. एका हातात प्लास्टिकचा डबा, दुसऱ्या हातात जॅमची बाटली. बाटलीत पाणी आणि तीन कोवळ्या काड्या, प्रत्येकीला पांढऱ्या मुळ्या फुटलेल्या. मी त्यांना दारातच अडवायला पुढे झाले, पण बाबा सोफ्यावरून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले होते.

त्या इंग्रजीत भराभरा बोलत होत्या. अंकल दर वेळी शेंडे खुडले की मला देतात, त्यातले काही मी पाण्यात ठेवले होते, बघा. आमच्याकडे मंडालेला ही आंबट पानं रोज लागतात, इथे पाच बोटांची मिळत नाहीत, म्हणून बहिणीला फोटो पाठवला तर ती रडायलाच लागली. गेल्या आठवड्याच्या शेंड्यांची भाजी केलीय, अंकल शाकाहारी आहेत म्हणून सुकी कोळंबी घातलेली नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. "शुक्रवारी मी कामाला निघायला दार उघडलं तेव्हा तुम्ही पाठमोऱ्या बसून पिशव्या भरत होतात. एवढा सगळा पाला! मला वाटलं कुणाला तरी देताय. मग तुम्ही त्या कचऱ्याच्या चूटमध्ये सोडल्यात... रोग पडला होता का झाडांवर?"

गार्गीनं आधी आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो," बाबा इंग्रजीत म्हणाले. "रोग पडला होता. थँक यू, मिसेस विन. परवा मी लिफ्टमध्ये बोललो नाही. सॉरी."

त्या गेल्या. बाबांनी दार लावलं, बाटली टेबलावर ठेवली आणि डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "खा."

मी उभ्यानंच हातानं घेऊन तोंडात घातली. आंबट. जबड्याच्या कडा दाटून आल्या. मसाला वेगळा होता, पण आंबटपणा आमच्या घरचा होता. मला रडू फुटलं. गार्गीला बाबांनी आतल्या खोलीत पाठवलं.

"तुला तो निशिकांतचा पाला वाटला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसेना.

"औषधांच्या डब्यात होतं म्हणालात. नंदामावशी म्हणाली होती की आईला तो देतात..."

"बी तिनं डब्यात ठेवलं कारण तो एकच डबा मी रोज उघडायचो. बाकी कशात ठेवलं तर मी कधी बघणार नाही, हे तिला माहीत होतं." ते खुर्चीत बसले. "आणि तो पाला तिनं घेतला नाही."

"म्हणजे?"

"निशिकांतनं आणला होता. मी वाटूनही ठेवला होता. तू नंदाला फोनवर काहीतरी बोललीस. नंदानं येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, ऋचाला तिथं याची भीती वाटते. आपल्या घरात हे आहे असं तिला कळलं तर ती तिकडे झोपायची नाही. निशिकांतला पुडी परत न्यायला लावली."

"मग?"

"मग काय? ती झोपली नाही. अडीच महिने."

मी टेबलाचा काठ धरून उभी राहिले. बाबांनी बाटली उजेडात धरून मुळ्या बघितल्या आणि विचारलं, "माती आहे का? कुंड्यांतली तर तू मारलीस."

मी खाली जाऊन मातीची पिशवी आणली. त्यांनी तीन काड्या तीन कुंड्यांत लावल्या. शुक्रवारी सकाळी कॉरिडॉरमध्ये बसून मला दाखवलं, शेंडा कुठून खुडायचा, फांदी मोडू न देता कशी वाकवायची, नाडी किती सैल ठेवायची. मिसेस विन येता-जाता थांबून बघत होत्या. मी एकदाच म्हणाले, "बाबा, थांबा ना." ते म्हणाले, "बी धरलं की कळव." शनिवारी ते गेले.

कुंड्या मी आता कठड्याच्या आडोशाला ठेवत नाही. लिफ्टसमोरच्या उजेडात ठेवते, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतील अशा. दोन महिने पानं साधीच येत होती. आज सकाळी पहिलं पाच बोटांचं पान उलगडलेलं दिसलं. मी खाली बसून शेंडा चिमटीत धरला, तेवढ्यात लिफ्ट थांबली आणि दार उघडायला लागलं. माझा दुसरा हात पानावर गेलाच. मी तो मागे घेतला, शेंडा खुडला आणि लिफ्टमधून माणसं बाहेर येत असताना तोंडात टाकला.